पलीकडची रेषा

"दादा, मला आकडे दाखवू नकोस. मला माणूस हवंय, आणि तेही उद्यापर्यंत. आकड्यांकडून चादरींच्या घड्या होत नाहीत."

"मी तेच सांगतोय, उद्याची घाई कशाला? एवढा हिवाळा सरू दे. आमची रेषा उतरायला लागलीय, तुमची चढायला लागलीय. डोळे आहेत ना? हे बघ, या कोपऱ्यात. दोन्ही पुन्हा एकमेकींना छेदणार."

"छेदू देत नाहीतर गळ्यात गळे घालू देत. जागा तोवर वाट बघत बसणार आहे का?"

"ओरडू नकोस. खालच्या मजल्यावर ऐकू जातं."

"खालच्या मजल्यावर ऐकायला आहे कोण? सगळे आमच्याकडे आलेत!"

धाकटीने कोटाची एकच बाही काढली होती. दुसरी तशीच लोंबत होती आणि ती हात उडवील तशी खुर्चीच्या पाठीवर आपटत होती. तिचा भाऊ फ्रीजशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभा होता, जणू बहीण भिंतीवर काहीतरी ओतणार होती. आणि जिच्या जाण्या-न जाण्यावरून हे सगळं चाललं होतं ती त्याची बायको टेबलाशी बसून बटाटे सोलत होती. तिला अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

इमारतीत त्याला टक्केसाहेब म्हणत. साहेब, कारण कपडे धुण्याच्या यंत्रांचे ड्रम बनवणाऱ्या कारखान्यात तो फोरमन होता. आणि टक्के, कारण दोन देशांतली बेकारी दर महिन्याला किती टक्के आहे हे त्याला तोंडपाठ असे. जिन्यात कुणी "काय, कसं काय?" विचारलं की "बरं आहे" म्हणायच्या आधी तो दशांश चिन्हासकट आकडा सांगे. "टक्केटोणपे खाल्ले म्हणून टक्केसाहेब," असं चौथ्या मजल्यावरचा न्हावी म्हणायचा. न्हावीही आता पलीकडे गेला होता. नवऱ्यामागे बायकोचं नाव आपोआप टक्केबाई पडलं.

पलीकडे म्हणजे पुलाच्या पलीकडे. गावाच्या टोकाला नदी, नदीवर पूल, आणि पुलाच्या मध्यावर एक देश संपून दुसरा सुरू व्हायचा.

भिंतीवरचा बेकारीचा आलेख टक्केसाहेबांनी आधी कारखान्याच्या उपाहारगृहात काढला होता, आणि तो निव्वळ चिडवायला. त्या काळी काम अलीकडे होतं. पलीकडची माणसं दर सोमवारी बस भरभरून यायची, आठवडाभर कारखान्यामागच्या बराकीत झोपायची आणि शुक्रवारी परत जायची. टक्केसाहेब तरुण होते, जीभ तिखट होती. त्यांनी पेन्सिलीने दोन रेषा ओढल्या: खालची आपली, वरची त्यांची. दर महिन्याला वर्तमानपत्रातला आकडा बघून त्या पुढे नेत आणि पलीकडच्यांना म्हणत, "तुमची छताला लागली रे, आता शिडी आणावी लागणार." पलीकडचेही हसत. त्यांच्यातला एक फारच हसायचा. पुढे त्यानेच टक्केसाहेबांच्या बहिणीला मागणी घातली. टक्केबाईंच्या सासूबाई, म्हणजे या भाऊ-बहिणीची आई, तेव्हा आठवडाभर जेवल्या नाहीत. अन्नाला महाग असलेल्या देशात पोर चालली, असं म्हणून त्यांनी लग्नात मुलीला भांडी दिली, पांघरुणं दिली आणि वर साबणाची एक पेटी दिली. तिकडे साबण तरी मिळतो की नाही कुणास ठाऊक.

पुढे कारखान्याच्या मालकांनी यंत्रं सोडवून ट्रकांवर चढवली आणि कुठेतरी दूर नेली. उपाहारगृहाची भिंतही पाडली. टक्केसाहेबांनी घरी येऊन दोन्ही रेषा पहिल्यापासून आठवून आठवून स्वयंपाकघरात काढल्या. टक्केसाहेबांची मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास एके महिन्यात त्या एकमेकींना छेदून गेल्या, आपली वर आणि त्यांची खाली. तेव्हापासून साबणाच्या पेट्या उलट्या दिशेने यायला लागल्या. धाकटी दर भेटीत काही ना काही आणायची: साबण, मोजे, मुलीसाठी चांगले बूट. सासूबाई ते सगळं कपाटात ठेवून त्याला कुलूप लावायच्या आणि म्हणायच्या, "लेकीच्या घरचं घ्यायची वेळ आली."

टक्केसाहेबांचं म्हणणं असं, की एकदा छेदल्या त्या दोनदाही छेदतील. छेदल्या की इकडे काम परत येईल. हे ते भविष्य म्हणून सांगत नसत. बसच्या वेळापत्रकासारखं सांगत.

"बटाटे किती सोलतेस?" धाकटीने भांडण मध्येच थांबवून विचारलं. "वहिनी, पलटणीला जेवायला बोलावलंस का?"

टक्केबाईंनी पातेल्यात पाहिलं. जरा जास्तच झाले होते. "उद्याही लागतील," त्या म्हणाल्या.

"उद्याचं काय ते उद्याच सांग मला. आमच्या वरच्या बाईंना उद्या कळवायचंय. सोमवारी हजर व्हायचं. इस्पितळाची धुलाई आहे, लहानसहान काम नव्हे. तुझ्यासारखा हात मिळणार नाही असं मी छातीठोक सांगून बसलेय."

हात होता हे खरं. टक्केबाई नदीकाठच्या हॉटेलच्या तळघरात चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या, घडी घालायच्या. काम हंगामी. उन्हाळ्यात हॉटेल भरलं की त्यांना बोलावणं यायचं, थंडी पडली की "कळवतो" म्हणून घरी पाठवायचे. अशा कामांमुळेच टक्केसाहेबांची रेषा उन्हाळ्यात जरा उतरायची आणि हिवाळ्यात चढायची. मुलगी लहानपणी त्या उताराला हात लावून म्हणायची, "इथे आई कामाला गेली." चादरीची घडी दोघींनी घालायची असते, चारी कोपरे चार हातांत. टक्केबाईंची जोडीदारीण गेल्या वर्षी पलीकडे गेली आणि तिच्या जागी कुणी आलं नाही. तेव्हापासून त्या एक कड हनुवटीखाली दाबून एकट्याच घडी घालायला शिकल्या. गेल्या आठवड्यात हॉटेलच्या मालकाने सगळ्यांना बोलावून सांगितलं, की हॉटेल विकलंय, आता इथे घरं होणार. निरोप म्हणून त्याने प्रत्येकीला दोन दोन चादरी दिल्या. टक्केबाईंनी त्या घरी आणल्या, कपाटात ठेवल्या आणि भाजी चिरायला बसल्या. वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली, पण काही वाटलं नाही.

धाकटीचा फोन आला तेव्हाही काही वाटलं नव्हतं. फक्त एक खोली डोळ्यांपुढे आली होती.

धाकटीच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा टक्केबाई तिकडे मदतीला गेल्या होत्या. सकाळच्या बसने निघालं की तिसऱ्या प्रहरी पोचायचं, एवढं ते लांब. धाकटीने त्यांना इस्पितळाच्या मागे कामगारांच्या वसतिगृहात नेलं, एक रिकामी खोली उघडली, "बॅग इथे ठेव, मी चावी देऊन येते" म्हणाली आणि दार ओढून गेली. टक्केबाई पलंगावर बसल्या. एक पलंग, एक टेबल, दारामागे कपडे अडकवायचा खुंटा, खिडकीतून दिसणाऱ्या उभ्या गाड्या. बराच वेळ कुणी हाक मारली नाही. दाराला आतून कडी होती. त्यांनी उठून ती लावून पाहिली, काढून पाहिली आणि पुन्हा लावली.

घरी दोन खोल्या. आतल्या खोलीत सासूबाई आणि मुलगी, बाहेरच्या खोलीत रात्री सोफा उलगडून ही दोघं. संडासाला जायची वाट त्या सोफ्याच्या पायथ्याशी. लग्न झाल्यापासून टक्केबाई कुणाच्या तरी चपलांच्या आवाजात झोपत आल्या होत्या. मला एकटीला राहायचंय, असं संसारी बाईला कारणाशिवाय म्हणता येत नाही. आता कारण आयतं चालून आलं होतं, आणि त्याचा निकाल भाऊ-बहीण लावत होते.

"ती कुठेही जाणार नाही," टक्केसाहेब म्हणाले. "या वयात तिनं परमुलखात दुसऱ्यांच्या चादरी का धुवायच्या?"

"इथे काय स्वतःच्या धुवत होती?"

"इथे रात्री घरी यायची."

"दादा, तुझं ना, पडलो तरी नाक वर! मलाही तू असाच अडवत होतास. 'तिकडे काय आहे? छताला लागलेत ते.' तुझं ऐकलं असतं तर आज मी या भिंतीखाली बसून तुला पेन्सिलीला टोक करून देत असते."

मुलगी कामावरून आली तेव्हा दोघं दमून चहा पीत होती. तिने आत्याला मिठी मारली, भिंतीकडे पाहिलं, आणि दोघांचे चेहरे पाहून म्हणाली, "कोण जिंकलं? आपण की ते?"

"तू आलीस, बरं झालं. तूच सांग तुझ्या बापाला. तुझ्या दुकानाचं काय?"

"झकास. आठवड्यातून दोन दुपारी चष्मे पुसते. मालक म्हणतो, वाढवीन. आत्या, पण मी सरकारदरबारी पक्की नोकरदार आहे हं. तासभर काम केलं तरी बेकार धरत नाहीत."

"ऐकलंस?" टक्केसाहेब म्हणाले. "नोकरदार आहे पोरगी."

तेवढ्यात टीव्हीवर बातम्या लागल्या. या तारखेला महिन्याचा आकडा यायचा. टक्केसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. निवेदिकेने हसून सांगितलं, की बेकारी पुन्हा घटली असून गेल्या कित्येक वर्षांतला हा सर्वांत कमी आकडा आहे. शेजारच्या देशात मात्र ती किंचित वाढली आहे.

"काय म्हणालो होतो?" टक्केसाहेब उठले. ड्रॉवरमधून पट्टी आणि पेन्सिल काढली, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. त्यांनी आपल्याकडची रेषा खाली आणली, पलीकडची नखभर वर नेली. ड्रमची जाडी मोजायचा हात होता तो. दोन टोकांत आता बोटभर अंतर उरलं होतं. धाकटीने कोटाची दुसरी बाहीही काढली.

गोळी घ्यायला पाणी हवं म्हणून सासूबाई आतून आल्या होत्या. वर्षानुवर्षं त्या या भिंतीपुढून गेल्या, पण कधी थांबल्या नव्हत्या. आज मुलाच्या चेहऱ्यावर उजेड दिसला म्हणून थांबल्या.

"मला नीट सांग रे. ही वरची म्हणजे काय?"

"आपल्याकडचे बेकार, आई."

"सगळे?"

"सगळे. देशभरातले."

"मग यात तू कुठे आहेस? शाळेच्या फोटोत बोट ठेवून दाखवायचास ना, तसा दाखव."

"आई, त्यात असं एकेक माणूस दिसत नाही."

"न दिसेना का. बोट तरी ठेव. या टोकाशी असशील ना?"

टक्केसाहेबांनी बोट उचललं. ते भिंतीजवळ नेलं आणि तिथेच धरलं.

"ते नाहीत त्यात," टक्केबाई म्हणाल्या.

त्या बटाटे धूत होत्या. नळ चालू होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"म्हणजे?" मुलीने विचारलं.

"रोजगार कचेरीत दर महिन्याला स्वतः जाऊन सही करावी लागते. लागोपाठ दोनदा चुकलं की नाव काढतात. यांचं काढलंय."

टक्केसाहेब एकदा गेले होते. रांगेत त्यांच्याच पाळीतली पोरं उभी होती. त्यांना पाहून पोरं बाजूला झाली. "साहेब, पुढे या. अरे, साहेबांना पुढे जाऊ द्या." रांग दुभंगली आणि ते सरळ खिडकीपर्यंत गेले. सही केली, मागे वळून सगळ्यांचे आभार मानले आणि पुन्हा कधी तिथे पाऊल ठेवलं नाही. सहीच्या तारखेला ते अजूनही स्वच्छ शर्ट घालून बाहेर पडायचे. परत आले की बुटांना नदीकाठचा चिखल असायचा. तो टक्केबाई पुसायच्या. त्यांनी कधी विचारलं नाही, टक्केसाहेबांनी कधी सांगितलं नाही.

"मीही नाही त्यात," टक्केबाई म्हणाल्या. "मी नाव घालायला अजून गेले नाही."

"आणि मी नोकरदार," मुलगी म्हणाली. हसत म्हणाली, पण हसू अर्ध्यात राहिलं.

"मी तर पलीकडची," धाकटी हळूच म्हणाली. "खालचे भाडेकरू, तो न्हावी, वहिनीची ती जोडीदारीण, सगळे तिकडे. इथल्या हिशोबातून गेलेच ना ते."

सासूबाईंनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "घरातलं कुणीच नाही यात? मग इतकी वर्षं हे कुणाचं चित्र लावलंय घरात?"

टक्केबाईंनी नळ बंद केला. टीव्हीवर हवामान सांगत होते. टक्केसाहेबांनी पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली, तिच्याशेजारी पेन्सिल ठेवली आणि खुर्चीत बसले. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला. तो मळका नव्हता. टक्केबाईंना वाटलं, आता आपल्याला त्यांची कीव येईल. तीही आली नाही. बटाटे पातेल्यात टाकले, मीठ टाकलं, गॅस पेटवला.

"मी जातो," टक्केसाहेब म्हणाले.

"कुठे?" सासूबाईंनी विचारलं. "आता जेवायच्या वेळेला?"

"धाकटीकडे. हिच्या जागेवर. घड्याच घालायच्या ना? घालीन. तिनं का झिजायचं माझ्यापायी?"

धाकटीने कप खाली ठेवला. "दादा, खरंच?" तिचे डोळे भरून आले. "अरे, बाई की बुवा ते कोण बघतंय, दोन हात हवेत. आणि तुला तर यंत्रांतलं कळतं. आमच्या बाई तुला डोक्यावर घेऊन नाचतील!" ती उठून वहिनीच्या गळ्यात पडली. "सुटलीस गं बाई तू! या वयात तुझी दगदग वाचली."

"पुरुषानं बाहेर पडावं, बाईनं घर बघावं. हेच बरं दिसतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. "शहाणं माझं लेकरू ते."

मग घर कामाला लागलं. मुलगी माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढली. धाकटीने लोकरी मोज्यांचा विषय काढला. सासूबाई किल्ली घेऊन कपाटाकडे गेल्या आणि लेकीनेच आणलेले मोजे लेकासाठी काढून आणले. खोलीचं काय, असं टक्केसाहेबांनी विचारलं तेव्हा धाकटी म्हणाली, "वसतिगृहात स्वतंत्र खोली आहे रे, राजासारखा राहा. वहिनीनं पाहिलीय. कशी आहे गं?"

"चांगली आहे," टक्केबाई म्हणाल्या.

त्यांनी टेबलावर ताटल्या मांडल्या. नवऱ्याचा चेहरा त्यांना समोरून दिसत होता. फोरमन असताना पगारवाढीची बातमी घेऊन घरी यायचे तसा तो झाला होता. मान ताठ, आवाज मोकळा. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना शहाणं म्हटलं होतं. हे आता काढून घेतलं तर माणूस कुठे बसेल, कशाला टेकेल? हा विचार त्यांनी केला, आणि पुरेसा केला. मग सोमवारनंतरचा विचार केला. सोफा रोज रात्री एकटीने उलगडायचा, त्याच्या पायथ्याशी सासूबाईंच्या आणि मुलीच्या चपला, आणि महिन्याकाठी येणारा नवरा दमून आला म्हणून त्याचे पाय चेपायचे. त्या खोलीची कडी आतून दुसराच कुणी लावील. कदाचित लावणारही नाही. टक्केसाहेबांना दार उघडं टाकून झोपायची सवय होती.

सगळे जेवायला बसले. बटाटे, अंडी, पाव. टक्केसाहेब दोनदा वाढून घेत म्हणाले, "तिकडे गेलो की असं मिळायचं नाही." सगळे हसले. टक्केबाई जेवल्या, पाणी प्यायल्या, पावाचा चुरा बोटाने गोळा करून ताटलीत टाकला.

"सोमवारी मी जाणार आहे," त्या म्हणाल्या.

"अगं वहिनी, झालं ना आता ठरवून?" धाकटी म्हणाली. "दादा जातोय."

"यांना यंत्रांचं कळतं. यांनी यंत्रांची जागा शोधावी. तू मदत कर. घडीची जागा तू माझ्यासाठी सांगून आली होतीस."

"अगं, मी तुझ्यासाठीच म्हणालो," टक्केसाहेब म्हणाले. हातातला घास हातातच राहिला. "तुला त्रास नको म्हणून."

"माहीत आहे."

"मग?"

"मला जायचंय."

"लोक म्हणतील, नवऱ्यानं बायकोला कमवायला धाडलं," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणू देत. यांनी नाही धाडलं, सासूबाई. अडवलंच होतं."

मुलगी स्टुलावर बॅग घेऊन बसली होती. तिने आईकडे पाहिलं, मग बॅग हळूच आईच्या खुर्चीपाशी ठेवली. टक्केबाईंनी ती पायाने जरा आत सरकवली, कुणी अडखळू नये म्हणून, आणि ताटल्या एकावर एक रचायला घेतल्या.

"सकाळची बस धरीन," त्या म्हणाल्या. "सासूबाईंची लाल गोळी उपाशीपोटी, पांढरी जेवल्यावर. बेसिनचा नळ उलटा फिरवायचा, नाहीतर थेंब थेंब गळत राहतो. कपडे ज्याचे त्यानं धुवायचे. दर आठवड्याला मला येता येणार नाही. महिन्यातून एकदा येईन."